मोजून केलेली भेसळ

कार्ल बेडेकर हे नाव मराठी कानाला घरचं वाटतं, पण हे बेडेकर जर्मन. त्यांच्या आजोबांनी, त्यांचंही नाव कार्लच, एकोणिसाव्या शतकात प्रवाशांसाठी मार्गदर्शक पुस्तकं काढली. ती इतकी चालली की युरोपात 'बेडेकर' म्हणजेच प्रवासाचं पुस्तक असं समीकरण झालं. वडील फ्रिट्झ यांनी हा छापखान्याचा संसार कोब्लेंझहून लाइपझिगला आणला. १८७७ साली जन्मलेला नातू मात्र पदार्थविज्ञानात रमला, आणि १९०७ साली त्यानं एक निबंध छापला. जड धातूंच्या काही संयुगांमधून वीज कशी वाहते, एवढाच त्याचा विषय. आज खिशातल्या फोनच्या काचेवर बोट फिरतं तेव्हा ज्या अदृश्य थराला ते कळतं, त्या थराची वंशावळ या निबंधापाशी सुरू होते.

बेडेकरांची रीत साधी होती. काचेच्या किंवा अभ्रकाच्या तुकड्यावर धातूचा अतिशय पातळ थर चढवायचा आणि मग त्याला ऑक्सिजन, आयोडिन अशा एखाद्या वाफेत ठेवून त्याचं संयुग करायचं. कॅडमियमचा काळपट, चकचकीत थर हवेत तापवला की त्याचं कॅडमियम ऑक्साइड होई. थर पिवळसर आणि पारदर्शक होई, आणि तरीही त्यातून वीज चांगली वाही. यातलं आश्चर्य समजून घ्यायला हवं. धातूतून वीज वाहते कारण त्यात मोकळे इलेक्ट्रॉन खच्चून भरलेले असतात, आणि तेच इलेक्ट्रॉन समोरून येणारा प्रकाश परतवून लावतात. म्हणून तांब्याच्या तांब्यातलं पाणी बाहेरून दिसत नाही. काच प्रकाशाला अडवत नाही, कारण तिच्यात मोकळे इलेक्ट्रॉनच नसतात, आणि म्हणून तिच्यातून वीजही वाहत नाही. वीजही जावी आणि नजरही जावी, या दोन मागण्या एकमेकींच्या मुळावर येणाऱ्या. बेडेकरांच्या काचेवर त्या एकत्र नांदत होत्या.

मला त्यांचं त्याहून मोठं वाटणारं काम दोन वर्षांनंतरचं, येना विद्यापीठातलं. तांब्याचं आयोडाइड हाही असाच पारदर्शक थर. १९०९ साली बेडेकरांनी दाखवून दिलं की या थराला मिळणारं आयोडिन थोडं वाढवलं की त्याची वाहकता वाढते, कमी केलं की उतरते. पदार्थ तोच, रूप तेच, पण पाहुण्या अणूंचं प्रमाण हलवलं की विजेची वाट रुंद होते किंवा अरुंद. आज ज्याला 'डोपिंग' म्हणतात, त्याचा हा पहिला नीट मोजून केलेला प्रयोग. त्याला तेव्हा नाव नव्हतं आणि स्पष्टीकरणही नव्हतं. ऑगस्ट १९१४ मध्ये महायुद्धाच्या पहिल्याच आठवड्यात, बेल्जियममधल्या लिएजच्या लढाईत, बेडेकर मारले गेले. वय अवघं सदतीस. त्याच वर्षी घराण्याच्या प्रकाशनसंस्थेनं हिंदुस्थानचं मार्गदर्शक पुस्तक काढलं होतं.

बेडेकर गेले तरी कारखान्यांत ही गोष्ट वेगळ्या हातांनी चालूच होती, कुणालाही कळू न देता. त्यासाठी कल्हईवाला आठवावा. भट्टीवर तापलेलं पातेलं, त्यात चिमूटभर नवसागर, भसकन उठणारा पांढरा धूर, आणि कथलाची कांडी फिरवून कापसाच्या बोळ्यानं काही क्षणांत पसरलेली चांदीसारखी झळाळी. तापलेला पृष्ठभाग, कथील आणि क्लोराइडचा धूर, हे त्रिकूट काच कारागीरही वापरत होते. १९०७ च्याच सुमारास अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियात फेंटन यांच्या कारखान्यानं तापलेल्या काचेवर धातूंच्या क्षारांचं द्रावण फवारून तेलाच्या तवंगासारख्या सप्तरंगी झळाळीची भांडी काढली. पुढे जत्रांमध्ये बक्षीस म्हणून वाटली जात म्हणून त्यांना 'कार्निव्हल ग्लास' म्हणू लागले. त्या झळाळीत पुष्कळदा कथलाचं ऑक्साइड असे. काचेच्या दुकानात लोक रंग पाहून भांडं उचलत. त्या रंगाच्या थरावर विजेचा मीटर टेकवायचं कुणाच्या मनात यायचं कारणच नव्हतं.

ते मनात आलं न्यू यॉर्क राज्यातल्या कॉर्निंग गावी. तिथल्या काच कंपनीत जेसी लिटलटन हे पदार्थवैज्ञानिक होते. विजेच्या उंच खांबांवर तारा पेलायला काचेचे इन्सुलेटर लागत आणि त्यांच्याभोवती ठिणग्या उडून लोकांच्या रेडिओत खरखर येई. काचेवर किंचितशी वीज वाहणारा थर दिला तर विजेचा ताण एका जागी साचत नाही, पसरतो. लिटलटन यांनी १९३१ साली अशा थराच्या इन्सुलेटरच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि ते १९३८ मध्ये मंजूर झालं. सप्तरंगी झळाळीचे हे इन्सुलेटर आजही संग्राहक जपून ठेवतात. जत्रेतल्या भांड्याचा थर आता तारेच्या खांबावर चढला होता.

नेमकं त्याच १९३१ मध्ये, बेडेकरांच्या लाइपझिगला, या सगळ्याचं कारण कागदावर उतरलं. हायझेनबर्ग यांच्याकडे काही महिन्यांसाठी आलेले केंब्रिजचे अ‍ॅलन विल्सन यांनी क्वांटम सिद्धांताच्या आधारे अर्धवाहक म्हणजे काय हे सांगितलं. स्फटिकातल्या इलेक्ट्रॉनांना ऊर्जेचे पट्टे असतात, दोन पट्ट्यांमध्ये रिकामी फट असते, आणि स्फटिकात शिरलेले परके अणू त्या फटीच्या काठावर इलेक्ट्रॉन आणून ठेवू शकतात. तोवर अर्धवाहकांचं नाव वाईट होतं. एकाच पदार्थाचे दोन नमुने दोन वेगळी उत्तरं देत, कारण त्यांतली घाण वेगवेगळी असे. वोल्फगांग पाउली यांच्यासारख्या दिग्गजानं त्याच वर्षी रुडॉल्फ पायर्ल्स यांना पत्रातून या विषयाच्या चिखलात पडू नये असं सुचवलं होतं. पाउलींचं म्हणणं त्यांच्या जागी समजण्यासारखं आहे. ज्या घाणीमुळे मोजमाप बिघडत होतं, ती वजन करून घालता आली तर तीच कामाची आहे, हे दिसायला अजून अवकाश होता.

मग दुसरं महायुद्ध आलं. बॉम्बफेकी विमानं पंचवीस हजार फुटांवर उडत. तिथे बाहेरचं तापमान शून्याखाली तीस अंशांच्याही खाली असे, समोरच्या काचेवर बर्फ धरे आणि वैमानिकाला पुढचं दिसेना. काचेत तारा बसवल्या तर त्या नजरेच्या आड येत. काचच तापायला हवी होती, सगळीकडून सारखी.

ओहायो राज्यातल्या डेश्लर गावाजवळ, तेरा भावंडांच्या शेतकरी घरात १९१६ साली हॅरोल्ड मॅकमास्टर जन्मले. भौतिकशास्त्र शिकून ते टोलेडो शहरातल्या लिबी-ओवेन्स-फोर्ड या काच कंपनीत संशोधक झाले. काच मऊ पडायच्या बेतापर्यंत तापवायची आणि तिच्यावर कथलाच्या क्लोराइडचं द्रावण फवारायचं. थेंब काचेला टेकताच क्लोराइड फुटतं, आम्लाची वाफ उडून जाते आणि मागे कथलाच्या ऑक्साइडचा थर उरतो, काचेला घट्ट धरून. कडांना धातूच्या पट्ट्या लावून त्यातून वीज सोडली की सगळी काच ऊबदार होते. मॅकमास्टर यांनी १९४२ मध्ये या रीतीच्या पेटंटसाठी अर्ज केला, ते १९४७ मध्ये मिळालं. पिट्सबर्ग प्लेट ग्लास कंपनीनंही तसलीच काच 'नेसा' या नावानं बाजारात आणली.

शुद्ध कथलाचं ऑक्साइड वीज वाहतं, पण बेभरवशाचं. फवारा थोडा गार पडला, हवा जरा जास्त मिसळली, की रोध बदले. त्याची वाहकता स्फटिकात राहून गेलेल्या उणिवांवर उभी असते, आणि उणिवा मोजून घालता येत नाहीत. पाहुणे अणू मोजून घालता येतात. कॉर्निंगचे जॉन मोचेल यांच्या नावे १९५१ साली पेटंटांची एक मालिकाच मंजूर झाली. तिच्यात कथलाच्या ऑक्साइडमध्ये थोडं अँटिमनी घालणं होतं, आणि इंडियम व कथील यांची ऑक्साइडं एकत्र करणंही होतं. कथलाच्या ऑक्साइडमधल्या ऑक्सिजनच्या जागी फ्लोरिन बसवण्याची युक्तीही रुळली.

ही युक्ती चालते कशी, ते पंगतीवरून सांगतो. इंडियम ऑक्साइडमध्ये इंडियमच्या दर अणूकडे द्यायला तीन इलेक्ट्रॉन असतात आणि ऑक्सिजनचा दर अणू दोन मागतो. दोन इंडियम आणि तीन ऑक्सिजन बसले की सहाला सहा, हिशेब चुकता. सगळी पानं भरली, कुणी उठून फिरणारं नाही, म्हणून वीज वाहत नाही. आता एका इंडियमच्या जागी कथील बसवलं. त्याच्याकडे चार इलेक्ट्रॉन. तीन पानांवर बसले, चौथ्याला पान नाही. तो मांडवभर फिरत राहतो, आणि बॅटरी जोडली की वाहू लागतो. फ्लोरिनचंही असंच. ऑक्सिजन दोन मागतो तिथे फ्लोरिन एकावरच तृप्त होतो, त्यामुळे एक मोकळा राहतो. अँटिमनी कथलाच्या जागी बसून पाचवा आणतो.

मग कथील वाढवतच का नेऊ नये? कारण ज्यानं पाहुणा आणला, तोही वाटेतच उभा असतो. कथलाचा प्रत्येक अणू धन भाराचा असतो आणि जाणाऱ्या इलेक्ट्रॉनांना खेचून त्यांची दिशा मोडतो. प्रमाण आणखी वाढलं की कथलाचे अणू ऑक्सिजनशी आपसांत गट करून बसतात आणि इलेक्ट्रॉन सोडतच नाहीत. म्हणून कारखान्यात वजनानं नव्वद भाग इंडियम ऑक्साइड आणि दहा भाग कथलाचं ऑक्साइड, हे माप ठरून गेलं. एवढ्या भेसळीनं घनसेंटिमीटरमागे दहावर वीस शून्यांइतके मोकळे इलेक्ट्रॉन मिळतात. तांब्यात ते याच्या शंभरपटीच्या आसपास असतात. वीज वाहावी इतके आहेत आणि दिसणारा प्रकाश अडावा इतके नाहीत, या मधल्या अरुंद पट्ट्यात हा सगळा धंदा उभा आहे. थराची जाडी केसाच्या पाचशेव्या भागाएवढी.

या मापाचा आणखी एक सुंदर उपयोग आहे. मोकळे इलेक्ट्रॉन जितके जास्त, तितक्या कमी लांबीच्या लहरी ते परतवू लागतात. धातूत ही सीमा दिसणाऱ्या प्रकाशाच्याही पलीकडे जाते. डोप केलेल्या ऑक्साइडमध्ये ती उष्णतेच्या अवरक्त लहरींवर थांबते, आणि कुठे थांबवायची ते डोपिंगचं प्रमाण ठरवतं. फिलिप्स कंपनीच्या कौअर, ग्रोट, फान बोर्ट या संशोधकांनी साठच्या दशकात सोडियमच्या दिव्यावर हे आजमावलं. कमी दाबाच्या सोडियम दिव्याची नळी दोनशे साठ अंशांच्या आसपास राहिली तरच तो नीट पेटतो, आणि बरीच वीज नुसती ती गरम ठेवण्यात जाते. बाहेरच्या काचेला आतून कथील घातलेल्या इंडियम ऑक्साइडचा थर दिला. पिवळा प्रकाश बाहेर गेला, उष्णता आत परतली. पुढे असे दिवे दर वॉटला २०० ल्युमेन इतक्या प्रकाशाच्या घरात पोचले. आपला जुना साठ वॉटचा बल्ब बारा-तेरा ल्युमेनवर अडलेला असे. थंड देशांत घरांच्या खिडक्यांना फ्लोरिन घातलेल्या कथिल ऑक्साइडचा थर देतात तोही याच तत्त्वावर, आणि तो कारखान्यात वाहत्या तापल्या काचेवरच चढवतात.

इंडियमकडे वळायला हवं, कारण त्याच्या नावात आपण आहोत. १८६३ साली जर्मनीतल्या फ्राइबर्गच्या खाणशाळेत फर्डिनांड राइख जस्ताच्या खनिजात थॅलियम शोधत होते. वर्णपटातली रेषा पाहायची, आणि राइख यांना रंग दिसत नसत. म्हणून त्यांनी थिओडोर रिश्टर यांना वर्णपटदर्शकापाशी बसवलं. रिश्टर यांना थॅलियमची हिरवी रेषा दिसली नाही. त्यांना दिसली गडद निळी, पूर्वी कुणी न नोंदलेली. नीळ जिथून युरोपात गेली त्या देशाच्या नावानं तिला लॅटिनमध्ये इंडिकम म्हणत. त्या रंगावरून नव्या मूलद्रव्याचं नाव इंडियम पडलं. पुढची कित्येक दशकं त्याला फारसं काम नव्हतं.

मोठं काम आलं १९६८ नंतर. अमेरिकेत आरसीए कंपनीच्या जॉर्ज हाइलमायर यांनी त्या वर्षी द्रव स्फटिकांचा पडदा जगासमोर मांडला. दोन काचांच्या मधल्या फटीत द्रव स्फटिक, आणि त्यावर वीज द्यायची तर काचेच्या आतल्या अंगाला पारदर्शक वाहक हवाच. मनगटी घड्याळ, कॅल्क्युलेटर, मग संगणकाचा पडदा, मग दूरचित्रवाणी, मग फोन. कथील घातलेलं इंडियम ऑक्साइड, ज्याला कारखान्यात तीन इंग्रजी अक्षरांत 'आयटीओ' म्हणतात, त्या प्रत्येकाच्या आत शिरलं. इंडियमची वेगळी खाण नसते. जस्त गाळताना जे मागे राहतं त्यातून ते काढतात, त्यामुळे मागणी वाढली म्हणून ते वाढत नाही. २००२ च्या सुमारास किलोमागे शंभर डॉलरच्या आसपास असलेला भाव २००५ पर्यंत नऊशेच्या वर गेला. तेव्हापासून जस्ताच्या ऑक्साइडमध्ये अ‍ॅल्युमिनियम घालण्यासारख्या स्वस्त भेसळींचा शोध जोरात आहे.

स्वस्त या शब्दापाशी कोल्हापूर येतं. शिवाजी विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागानं गेली काही दशकं पातळ थरांच्या कामात देशाबाहेरही नाव मिळवलं. मोठी निर्वात यंत्रं घ्यायची ऐपत नसलेल्या प्रयोगशाळेला ज्या रीती परवडतात, त्याच तिथे खोलवर अभ्यासल्या गेल्या. चंद्रकांत लोखंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी द्रावणात काच बुडवून थर वाढवण्याच्या रीतींवर काम केलं, आणि प्रमोद पाटील यांचा फवारा पद्धतीवरचा १९९९ चा आढावा या क्षेत्रातल्या संशोधकांनी वारंवार उद्धृत केला आहे. तापलेली प्लेट, तिच्यावर धुऊन पुसलेल्या काचपट्ट्या, वर दाबाच्या हवेनं सुटणारा बारीक फवारा, कथलाच्या क्लोराइडच्या द्रावणात मोजून घातलेलं अमोनियम फ्लोराइड. फ्लोराइडचं प्रमाण बदलत बदलत एकामागून एक नमुने करायचे आणि रोध सर्वांत कमी कुठे पडतो ते आलेखावर शोधायचं. सातारा, सांगली, सोलापूरकडच्या गावांतून आलेल्या किती मुलामुलींनी ही वक्ररेषा स्वतःच्या हातानं काढली आहे! काच गार झाली की वाहक बाजू कुठली ते डोळ्यांना कळत नाही. मल्टिमीटरची दोन टोकं टेकवून पाहावं लागतं. टोलेडोत मॅकमास्टर जे करत होते तेच हे काम, फक्त खोली लहान.

मॅकमास्टर यांचं पुढे काय झालं ते सांगायलाच हवं. त्यांनी काच कडक करण्याच्या यंत्रांत नाव आणि पैसा कमावला, आणि सत्तरीच्या उंबरठ्यावर सौर ऊर्जेकडे वळले. १९९० मध्ये टोलेडोतच त्यांनी सोलर सेल्स ही कंपनी काढली. काचेवर फ्लोरिन घातलेल्या कथिल ऑक्साइडचा थर, त्याच्या मागे कॅडमियम टेल्युराइड. कॅडमियम, म्हणजे बेडेकरांच्या पहिल्या काचेतला धातू. १९९९ मध्ये ती कंपनी दुसऱ्यांच्या हाती गेली आणि फर्स्ट सोलर झाली. मॅकमास्टर २००३ साली गेले. फर्स्ट सोलरचा एक कारखाना २०२४ च्या जानेवारीत चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरला सुरू झाला. बॉम्बफेकी विमानांसाठी जमलेली युक्ती तिथे उन्हाखाली ठेवायच्या काचांवर चढते आहे.

या सगळ्या ऑक्साइडांत एक उणीव मात्र राहून गेली आहे. कथील, इंडियम, जस्त, कुठलंही घ्या, त्यांत भेसळ करून जास्तीचे इलेक्ट्रॉनच मिळतात. इलेक्ट्रॉनांच्या रिकाम्या जागा वाहून नेणारा, म्हणजे धन वाहकांचा पारदर्शक थर मिळवणं फार अवघड आहे. दोन्ही जातींचे थर एकमेकांवर ठेवता आले तरच त्यांच्या सांध्याचा पूर्ण पारदर्शक डायोड होतो. जपानमध्ये हिदेओ होसोनो यांच्या गटानं १९९७ साली तांबं आणि अ‍ॅल्युमिनियमच्या ऑक्साइडमध्ये धन वाहक मिळवले, पण ते मंद. लाइपझिग विद्यापीठात मारिउस ग्रुंडमान यांच्या गटानं जुनी नियतकालिकं उघडली. त्यांना बेडेकरांचं तांब्याचं आयोडाइड सापडलं. ते पारदर्शक आहे, त्याचे वाहक धन आहेत. आयोडिन वाढवलं की त्याची वाहकता वाढते, हे तर १९०९ पासून छापील होतं. २०१३ मध्ये या गटानं जस्ताच्या ऑक्साइडवर तांब्याचं आयोडाइड चढवून आरपार दिसणारा डायोड केला. दोन वर्षांनी ग्रुंडमान यांनी बेडेकरांवर एक सविस्तर लेख लिहिला. लिएजला पडलेल्या त्या माणसाचं नाव शंभर वर्षांनी त्याच्याच शहरातल्या प्रयोगशाळेत पुन्हा घेतलं जाऊ लागलं.